भिंतीवरची एक पट्टी आणि तीन हेडबोर्ड: दहा महिन्यांनंतर

आमच्या बेडरूमच्या भिंतीवर दोन डाग होते. पोळीएवढे, पिवळट, मध्ये दीड-दोन फुटांचं अंतर. खिडकीकडचा नवऱ्याचा, दाराकडचा माझा. रात्री डोक्याला तेल थापायचं आणि भिंतीला टेकून मोबाइल बघत बसायचं, ही आमच्या घराची जुनी खोड. दोनदा रंग लावून झाला. पण गिलाव्यात तेल मुरलं की साधा रंग त्याला झाकत नाही, चार-सहा महिन्यांत डाग पुन्हा वर येतात. तिसऱ्यांदा रंगाऱ्याला बोलावण्यापेक्षा पलंगाला हेडबोर्ड करू असं ठरलं. जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात काम झालं. आता नोव्हेंबर संपत आलाय. मध्ये एक उन्हाळा आणि डोंबिवलीचा एक अख्खा पावसाळा जाऊन आला, त्यामुळे बरं-वाईट दोन्ही सांगता येईल एवढा वापर झालाय.

हेडबोर्ड पलंगालाच का नाही लावला, हा प्रश्न सगळे विचारतात. आमचा पलंग म्हणजे सामानाचा बॉक्स, ७८ बाय ६० इंची. त्याला बोल्टने हेडबोर्ड लावला की गादी वर करून आतली पांघरुणं काढताना, लादी पुसायला बॉक्स सरकवताना तो हलणार, बोल्ट ढिले होणार आणि मग रात्री कूस बदलली तरी कुईकुई. सासूबाईंच्या खोलीत ते संगीत आधीच चालू आहे. भिंतीवरच्या हेडबोर्डला पलंगाशी देणंघेणं नाही. शिवाय मला एकच एक हेडबोर्ड नको होता. उन्हाळ्यात वेताचा, थंडीत गादीचा, सणाला आणखी काहीतरी, असं मनात होतं. त्या मनातल्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

आधी वस्तू समजून घ्या. भिंतीवर एक लाकडी पट्टी आडवी बसवायची. तिची वरची कड ४५ अंशांत तिरकी कापलेली, उतार भिंतीकडे. म्हणजे पट्टी आणि भिंत यांच्यात पूर्ण लांबीची एक खाच तयार होते. हेडबोर्डच्या पाठीवर तशीच दुसरी पट्टी, पण उलटी. हेडबोर्ड उचलायचा, खाचेत सोडायचा, झालं. स्वतःच्या वजनाने तो खाली बसतो आणि उतारामुळे भिंतीकडे ओढला जातो. जितका जड तितका घट्ट. इंटरनेटवर शोधायचं असेल तर फ्रेंच क्लीट या नावाने सापडेल. मी सुतारकाकांना कागदावर काढून दाखवलं तर ते हसले. ‘एवढंच ना? किचनची वरची कपाटं अशीच तर लटकवतो आम्ही.’

पट्टीसाठी १८ मिमीचा मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय घेतला, आयएस ७१० या त्याच्या भारतीय मानकाच्या छापाचा. वखारीत कोणाच्या तरी फर्निचरमधून उरलेला कटपीस मिळाला. सागवानाची पट्टी दिसायला छान, पण ती दिसणारच नाही आणि नीट सुकलेली नसेल तर पावसाळ्यात पीळ मारते. ५४ इंच लांब आणि ७ इंच रुंद असा तुकडा, त्याला मशीनवर पातं कलतं करून मधोमध फाडलं की एका कापात दोन पट्ट्या मिळतात, एकमेकींत तंतोतंत बसणाऱ्या. हे घरी हातकरवतीने करायला जाऊ नका. साडेचार फूट लांब ४५ अंशांचा काप हाताने सरळ घेणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. काकांनी कटपीस संपवायचा म्हणून तीन तुकडे फाडले, त्यामुळे माझ्याकडे एकदम सहा पट्ट्या झाल्या. एक भिंतीला, बाकीच्या हेडबोर्डांना. तिरक्या काठाचं धारदार टोक त्यांनी रंधा मारून साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग) बोथट केलं. मला वाटलं लागू नये म्हणून. तसं नाही. टोक तसंच ठेवलं तर ते खाचेच्या तळाला आधी टेकतं आणि दोन्ही उतार एकमेकांवर नीट बसत नाहीत, हेडबोर्ड डुगडुगतो. कापलेल्या कडांना दोन हात सीलर मारला, कारण प्लायला पाणी लागतं ते कडेनेच.

आता भिंत. सगळं यश-अपयश इथे आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. अमेरिकेतले व्हिडिओ बघून मी पहिला अर्धा तास भिंतीवर टकटक करत आतली लाकडं शोधत होते. त्यांच्या घरांना आत लाकडी सांगाडा असतो, वर जिप्समचे पातळ बोर्ड. आपल्याकडे विटा. आमची इमारत नव्वदच्या दशकातली, लाल विटांची, वर जाड गिलावा. हार्डवेअरच्या दुकानात मुलाने सवयीने दोन इंची स्क्रू आणि गिट्ट्या (भोकात ठोकायच्या, स्क्रू धरून ठेवणाऱ्या नळ्या) काढून दिल्या. हिशेब करा: १८ मिमी पट्टीतच गेले, गिलावा धरा १५ ते २० मिमी, मग ५० मिमीच्या स्क्रूचं विटेत जाणार किती? जेमतेम १२-१७ मिमी. बाकी सगळा भार गिलाव्यावर. मी परत जाऊन तीन इंची स्क्रू आणि ८ मिमीच्या लांब गिट्ट्या आणल्या. पाच भोकं, साधारण फुटाफुटावर. त्यातलं दुसरं भोक नेमकं दोन विटांच्या सांध्यात गेलं, गिट्टी आत गोल गोल फिरायला लागली. काकांनी ते भोक सोडून दीड इंच बाजूला नवीन मारलं. अशा वेळी गिट्टीभोवती काडेपेटीच्या काड्या ठोकून ‘बसली बघा’ म्हणणारे भेटतात. फोटोफ्रेमला चालेल, डोक्यामागे नको.

पलंगाशेजारी बटणांचा बोर्ड असतो. त्याच्या बरोबर वर किंवा खाली भिंतीतून वायरींची नळी गेलेली असते. मी बोर्डाच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडली आणि भोकं मारताना घराचा मेन स्विच बंद केला. ड्रिलसाठी शेजारच्या वहिनींकडून एक्स्टेंशन बोर्ड ओढून घेतला. थोडा खटाटोप वाटतो, पण जुन्या इमारतीत वायरमनने कुठून काय नेलंय याचा भरवसा नसतो.

माझं बघून धाकट्या बहिणीने पुण्यात हेच करायला घेतलं. तिची इमारत नवी, भिंती एएसी ब्लॉकच्या, त्या पांढऱ्या हलक्या विटांच्या. तिच्या प्लंबरने ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणारी सोय, चालू ठेवून भोक मारलं आणि ८ मिमीच्या भोकाचं नरसाळं झालं. त्या ब्लॉकमध्ये हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडायचं, त्या ब्लॉकसाठीच्या वेगळ्या नायलॉन गिट्ट्या येतात त्या वापरायच्या आणि स्क्रू जास्त घ्यायचे. तिने शेवटी आठ घेतले. आणि ज्यांच्या टॉवरमध्ये भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या आहेत, त्यांच्याकडे घरगुती ड्रिल नुसतंच तापतं, तिथे मोठं मशीन भाड्याने आणावं लागतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी मालकाला विचारूनच करा. पाच भोकं पुट्टीने बुजतात, पण वाद बुजायला वेळ लागतो.

पातळीची एक गंमत झाली. काकांनी पाणसळ लावून पट्टी अगदी चोख बसवली. हेडबोर्ड चढवला आणि आम्ही दाराशी उभं राहून पाहिलं तर तो सरळ तिरका! लेव्हल ट्यूबने पुन्हा तपासलं, पाणी दोन्हीकडे सारखं. मग लक्षात आलं, तिरकी आहे ती लादी. पाच फुटांत जवळजवळ चार सुतांचा उतार, त्यावर पलंग आणि पलंगावर गादी. शेवटी पलंगाच्या एका बाजूच्या पायांखाली प्लायचे तुकडे सरकवले. म्हणजे हेडबोर्ड बसवायला गेलो आणि पलंग सरळ झाला. सासूबाईंचं म्हणणं, मला गेली आठ वर्षं या खोलीत गरगरतं ते उगाच नव्हतं.

पहिला हेडबोर्ड गादीचा. १२ मिमी प्लाय, ६० बाय २२ इंच, त्यावर दीड इंच फोम, वर करड्या रंगाचं जाड कापड, मागे गनपिना. सोफेवाल्याने आवडीने मध्ये बटणं ओढून चौकटी काढून दिल्या. सगळा मिळून ३,२०० रुपयांना पडला. भिंतीवरच्या पट्टीचा, कापाचा, गिट्ट्या-स्क्रूंचा खर्च मात्र ८०० च्या आत होता. यात एक चूक माझी. २२ इंचांचा हेडबोर्ड गादीच्या वर इंचभर संपत होता. त्या इंचातून महिनाभरात काय काय मागे पडलं: क्लिपा, चष्म्याचं पुसणं, चार्जर, मुलीचा दुधाचा दात. पुढचे दोन्ही मी २६ इंचांचे केले, गादीच्या वरच्या पातळीपासून तीन इंच खाली उतरणारे. त्यासाठी पलंग भिंतीपासून तीनेक इंच पुढे घ्यावा लागला. १० बाय १० च्या खोलीत तीन इंच काय असतात ते आमच्या कपाटाच्या दाराला विचारा. आता ते पायथ्याला घासून उघडतं.

दुसरी चूक आवाजाची. वरची पट्टी १८ मिमी जाड, म्हणजे हेडबोर्ड वर भिंतीपासून १८ मिमी सुटलेला असतो. खाली टेकायला तेवढ्याच जाडीची आडवी पट्टी भिंतीला हवी. मी घरात पडलेली १२ मिमीची लावली, म्हटलं कोण बघतंय. पाठ टेकली की खालची कड ठक्कन भिंतीवर. रात्री पाणी प्यायला उठलं तरी ठक्. महिन्याभराने ती काढून १८ मिमीची बसवली. तिच्यावर रबर म्हणून सायकलची जुनी ट्यूब कापून चिकटवली तर तिने हेडबोर्डच्या मागच्या कापडावर काळे पट्टे उमटवले. शेवटी खुर्चीच्या पायांना लावतात ते फेल्टचे गोल तुकडे चिकटवले. ते तेव्हापासून गप्प आहेत.

तिसरी गोष्ट मात्र चूक नाही, या रचनेचा स्वभाव आहे. मागे ढकलला तर हेडबोर्ड भिंतीला टेकतो, खाली ओढला तर आणखी घट्ट बसतो, पण वर उचलला तर सुटतो. सुटावा म्हणूनच तर केलाय. मार्चमध्ये एके रात्री मुलगी पलंगावर उभी राहून त्याच्या वरच्या काठाला दोन्ही हातांनी धरून उड्या मारत होती आणि एक बाजू खाचेतून बाहेर आली. पडला नाही, तिरका लटकला, कोणाला लागलं नाही. पण त्या रात्री मी तो काढून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी काकांकडे गेले. त्यांनी उपाय सांगितला तो आजीच्या घरातल्या कपाटाचा: फिरकी. हेडबोर्डच्या मागे, खालच्या टेकूपट्टीच्या थोडं खाली, दोन्ही टोकांना तीन-तीन इंचांच्या लाकडी फिरक्या. उभी फिरवली की तिचं टोक टेकूपट्टीच्या खाली अडतं, हेडबोर्ड वर उचलताच येत नाही. आडवी केली की मोकळा. बाजूने हात घालून फिरवता येते. लहान मुलं असतील त्यांनी हे पहिल्या दिवशीच करावं, माझ्यासारखी मार्चची वाट बघू नये.

दुसरा हेडबोर्ड वेताचा. सागवानी चौकट आणि त्यात तयार विणलेली षटकोनी भोकांची जाळी. ती आधी पाण्यात भिजवून मऊ करायची, ओली असतानाच चौकटीच्या खाचेत ताणून पट्टी ठोकायची, मग वाळताना ती तबल्यासारखी ताणली जाते. हा एप्रिलमध्ये चढवला आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच. पाठीला वारं लागतं, घाम धरत नाही, वजनाला इतका हलका की मी एकटी चढवते. पण टेकायला? उशी ठेवल्याशिवाय जाळीचा ठसा पाठीवर उमटतो. जुलैच्या मध्यावर हवेतल्या दमटपणाने जाळी सैल पडली, मध्ये चांगला खड्डा. मला वाटलं गेली. ऑक्टोबरच्या उन्हात गॅलरीत दोन दिवस ठेवली आणि पुन्हा ताणली गेली, अगदी पहिल्यासारखी नाही, पण नव्वद टक्के.

तिसऱ्यासाठी मी गुळेदगुड्डचे खण आणले होते. कर्नाटकातल्या त्या गावचं हे कापड, आपल्या आज्यांच्या चोळ्यांचं. काठाला काठ जोडून गौरी-गणपतीसाठी खणाचा हेडबोर्ड करायचा, फोटो काय येईल! शिवायला टाकण्याआधी नवऱ्याने शांतपणे विचारलं, ‘यावर तेलाचं डोकं टेकायचं का?’ नाही. मग वर टॉवेल टाकायचा का? मग खण कशाला? खण कपाटात गेले. त्यांच्याऐवजी साध्या चौकटीवर आजीची गोधडी आली. जुन्या नऊवारींची, धावदोऱ्याने भरलेली. तिला खिळा मारायचा नव्हता, म्हणून मागच्या बाजूने नाड्या शिवून चौकटीला बांधली. सासूबाई म्हणाल्या, ‘गोधडी अंगावर घ्यायची असते गं, भिंतीला काय पांघरूण?’ पण मळली की नाड्या सोडून धुवायला टाकता येते, आणि तेल लावणाऱ्या घरात हा गुण फोमपेक्षा मोठा आहे. करड्या कापडावर आज दोन डाग आहेत. पोळीएवढे.

आता मनातल्या योजनेचं. दर ऋतूला, दर सणाला हेडबोर्ड बदलणार होते ना? दहा महिन्यांत हौसेने बदलला तो फक्त एकदा, एप्रिलमध्ये. बाकीच्या वेळी काढला तो नाइलाजाने, आणि त्या नाइलाजांनीच मला या पट्टीची किंमत कळली.

मे महिन्यात आमच्या मजल्यावर ढेकूण निघाले. कोणाच्या सामानातून आले, लोकलमधून आले की पाहुण्यांसोबत, यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये बरीच चर्चा झाली, ती सोडून देऊ. फवारणीवाला आला. शेजाऱ्यांकडे भिंतीला कायमचं ठोकलेलं गादीचं हेडबोर्ड होतं, छताच्या अर्ध्यापर्यंत गेलेलं. ते स्क्रू शोधत, कापड उसवत त्यांचा सकाळपासून दुपारपर्यंत वेळ गेला. आमच्याकडे तेव्हा वेताचा होता. फिरक्या आडव्या केल्या, उचलला, गॅलरीत नेला. मागची भिंत, पट्टीची खाच, सगळं उघडं. खाचेत दोन-तीन काळे ठिपके होते, तिथे फवारणी नीट झाली. माळ्यावरचा गादीचा हेडबोर्डही काढून पाहिला. सोफेवाल्याने हौसेने ओढलेल्या त्या बटणांच्या खळग्यांत नशिबाने काही नव्हतं, पण ढेकणांसाठी यापेक्षा सोयीचं घर बांधता येणार नाही. दिवसभर गच्चीवर कडक उन्हात ठेवला. नवीन करणाऱ्यांना सांगते, बटणं नकोत, सपाट कापड घ्या.

मग पावसाळा. आमची ती भिंत पश्चिमेची, बाहेरून पाऊस थेट मारतो. ऑगस्टमध्ये गोधडीचा हेडबोर्ड काढला तेव्हा मागे कोपऱ्यात हातभर ओल आणि काळी बुरशी. १८ मिमीची फट असल्याने थोडी हवा खेळते, म्हणून गोधडीला फक्त कुबट वास होता, डाग नव्हते. पण फट आहे म्हणून निश्चिंत राहू नका. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात काहीच टांगू नये, असं माझं आता मत झालंय. पुढचे दोन महिने नुसती पट्टी भिंतीवर होती. त्यामुळे ओल कुठून येते ते रोज दिसत होतं, बाहेरच्या पाइपाच्या सांध्याशी भेग होती. सोसायटीने ती दिवाळीच्या आधी बुजवली. कायमचा हेडबोर्ड असता तर हे आम्हाला प्लाय कुजल्यावर कळलं असतं. त्या फटीत एक पालही राहत होती. ती मात्र हेडबोर्ड काढला की बिऱ्हाड हलवते आणि लावला की परत येते. तिचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

पट्टीबद्दल तक्रार शोधूनही फार सापडत नाही. पाचही स्क्रू दिवाळीच्या साफसफाईत तपासले, एकही हललेला नाही. उताराच्या कडेचा वरचा थर एका ठिकाणी थोडा उचकटला होता, फेव्हिकॉल लावून दाबून ठेवला. पुन्हा करायची वेळ आली तर भिंतीची पट्टी हेडबोर्डपेक्षा दोन्हीकडून चार-चार इंच आखूड करीन. आत्ता तीन-तीन आहे आणि बाजूने बघितलं तर टोक दिसतं. आणि हेडबोर्ड सात-आठ किलोच्या वर जाऊ देणार नाही. पट्टी जास्त पेलेल, प्रश्न तिचा नाही. ६० इंच रुंद जड फळी गादीवर गुडघे टेकून, हात पुढे करून खाचेत अचूक सोडणं ही कसरत आहे. गादीच्या हेडबोर्डला दोन माणसं लागतात, आणि दुसरा माणूस रात्री साडेआठला कल्याण लोकलमधून उतरलेला असतो. सासरच्या जुन्या घराची सागवानी खिडकी हेडबोर्ड म्हणून लावायची टूम निघाली होती. वजनकाट्यावर २३ किलो भरली, विषय मिटला.

न लावलेल्या हेडबोर्डांचं करायचं काय, हे कोणी आधी सांगत नाही. दोन जादा हेडबोर्ड म्हणजे ५ फूट लांब दोन फळ्या. आमच्याकडे एक कपाटामागे उभा आहे आणि एक माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळून. तेवढी जागा नसेल तर एकच करा, पण पट्टीवरच करा.

सध्या थंडी म्हणून गादीचा लावलाय, पाठीवरची पट्टी दुसऱ्या कडेला फिरवून उलटा, म्हणजे डाग खाली उशांमागे गेले. दोन पट्ट्या अजून माळ्यावर पडून आहेत. मुलीला हेडबोर्डच्या जागी फळा हवाय, झोपण्याआधी चित्रं काढायला. खडूची पूड उशीवर पडेल म्हणून मी अजून हो म्हटलेलं नाही. तिने बाबाला विचारून झालंय.